सामाईक हौदातली माती

४ मार्च

ताई,

सुरुवातीला नमस्कार वगैरे लिहीत नाही. तुला खोटा वाटेल आणि मलाही.

हे पोस्टातच बसून लिहितेय. पाकिटावरचा पत्ता वाचून इथला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. पाठवणारीचं घर आणि घेणारीचं घर समोरासमोर, मध्ये जेमतेम एक हातगाडी जाईल एवढी गल्ली. "बाई, खिडकीतून हात लांब केलात तरी पोचेल की," म्हणाला. मी म्हटलं, हात लांब करून झालाय बऱ्याचदा, तुम्ही तिकीट लावा.

मला तुझ्याशी बोलायची हौस आलेली नाही. पण गल्लीत माझ्याबद्दल जे चाललंय ते तुझ्या कानावर येत असणारच, आणि आपल्या गल्लीत गोष्ट एका दारातून दुसऱ्या दारात जाईपर्यंत तिला चार पाय फुटतात. म्हणून माझ्या तोंडची एकदा ऐक.

भट्टीतून धडधाकट निघालेली भांडी काही दिवसांनी टवके टाकायला लागलीत. पडून नाही, आपटून नाही. फळीवर ठेवलेला कप, कुणी हात लावलेला नाही, आणि त्याच्या पोटावरून नखाएवढी चकती उडते. चष्मेवाली काकू गल्लीचा माल विकायला दुकानात बसलेली असते, तिला नुसतं 'टक्' ऐकू येतं. पहिल्यांदा तिला वाटलं उंदीर आहे. आता ती दिवसभर कान टवकारून बसते आणि प्रत्येक 'टक्'ला माझ्या नावाने एक शिवी घालते. गिऱ्हाइकं माल परत आणून देतायत. एका बाईने तर तिच्या लेकीच्या लग्नाला घेतलेला अख्खा संच आणून काउंटरवर मांडला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं काकू म्हणाली.

आता अख्ख्या गल्लीचा माल भाजला जातो एकाच भट्टीत, आणि भट्टी लावते मी, राखते मी, निवू देते मी, उघडते मी. त्यामुळे दोष द्यायला फार शोधाशोध करावी लागली नाही. गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षांनी निकाल लावून टाकला, "भट्टी गरम असतानाच उघडली असणार. बाईमाणूस, घाई झाली असेल." ताई, दाराच्या विटेवर तळहात टेकून, चटका न बसता 'हं' म्हणता येईपर्यंत मी कडीला हात लावत नाही. बाबांनी तसंच शिकवलं होतं. पण हे त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आणि पुढचं ऐक, हसू येईल. गल्लीत एकट्या तुझ्या भांड्यांना काही झालेलं नाही. तर लोक म्हणतात, भट्टीवाली आपल्या बहिणीचा माल बरोबर चांगल्या जागी रचते. रक्ताचं नातं आहे ना! आपण दोघी बाबांच्या दिवसकार्यापासून एकमेकींशी बोललेलो नाही हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तेच हे बोलतात. बाबांनी भट्टीची किल्ली माझ्याकडे दिली म्हणून तू सगळ्यांदेखत म्हणाली होतीस, "कानामागून आली आणि तिखट झाली." त्यानंतर तुझं माझं जे काही झालं ते दोन बंद दारांमध्ये झालं. चाक तुझं, भट्टी माझी, अशी बाबांची वाटणी होती. गल्लीतला सगळ्यात चांगला हात तुझा, म्हणून त्यांनी तुला आगीपाशी बसवलं नाही. मी आजही म्हणते, तुला जास्त मिळालं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी गोदामात बैठक आहे. माझी किल्ली काढून अध्यक्षांच्या पुतण्याला द्यायची, असं ठरवायला. ठरलेलंच आहे, पण बैठक घेतल्याशिवाय ठरलं असं म्हणता येत नाही. ताई, चाकावर माझा हात कसा आहे ते तुला माहीत आहे. माझी वाटी सुद्धा कुणाला तरी घाबरल्यासारखी एका बाजूला कलते. भट्टी गेली तर माझी चूल कशी चालेल हा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न असा की गल्लीत मला दुसरं नावच नाही. सगळे मला भट्टीवाली म्हणतात. भट्टी गेली की मी कोण?

तुला काही दिसलं असेल, ऐकलं असेल, तर कळव. एवढंच मागते. मागायला आवडत नाही हेही कळवते.

धाकटी


१० मार्च

ताई,

तुझं उत्तर पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "समोरच्या बाईंनी सांगितलंय की उत्तर नाही असं सांगा." मग बिचारा तिथेच घुटमळला. त्याला वाटलं मी चिडेन. मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "पत्र मात्र दारातच उभ्या राहून दोनदा वाचलं हो." हे त्याने स्वतःच्या पदरचं सांगितलं की खरं, कोण जाणे.

तू नाही शोधलंस, मी शोधलं.

काकूच्या दुकानातले टवके उडालेले कप मागून आणले. ("घेऊन जा, नाहीतरी कचऱ्यातच जाणार होते," असं प्रेमाने म्हणाली.) खिडकीच्या उजेडात एकेक बघितला. प्रत्येक टवक्याच्या खड्ड्यात, बरोबर तळाशी, एक पांढरा ठिपका. मोहरीपेक्षा बारीक. नखाने खरवडला तर पिठासारखा भुगा झाला. भट्टीच्या चुकीने भांड्याला तडा जातो, भांडं वाकतं, काळं पडतं. पण त्याच्या पोटात पांढरा दाणा कुठून येईल? तो मातीतूनच आला पाहिजे.

मग मी हौदावर गेले. आपल्या गल्लीची ती मोठी मिरवायची गोष्ट आहे ना, सामाईक हौद! ज्याच्या त्याच्या चाकावरची कातरण, फसलेलं भांडं, हाताला लागलेला चिखलसुद्धा त्यात जायचा आणि ज्याला लागेल त्याने त्यातून माती घ्यायची. माती फेकणारा माणूस आपल्याकडे अजून जन्माला आलेला नाही. तर त्या हौदातली एक घमेलंभर माती मी पातळ करून जुन्या ओढणीतून गाळली. ओढणीवर पांढरे कण राहिले. प्लास्टर, ताई. भट्टीत भाजलं गेलं की ते शांत बसतं, आणि मग बाहेरच्या हवेतलं पाणी पिऊन पिऊन हळूहळू फुगतं. फुगलं की वरचा टवका उडवतं.

आता प्लास्टर आपल्या गल्लीत येईल कशाला? ते लागतं साच्याला. आणि साचा म्हणजे आपल्याकडे पाप. हाताने घडवलेलं भांडं म्हणून तर लोक आपल्याकडे येतात. ज्याच्या घरात साचा सापडेल त्याची भट्टीतली फळी कायमची बंद, हा नियम आपल्या आजोबांच्याही आधीचा. प्रत्येक भांड्याच्या बुडाला घडवणाऱ्याने ओल्या मातीत आपला अंगठा दाबायचा, तोही त्याचसाठी.

मग मला आठवलं की अध्यक्षांच्या घरी बैठकीच्या खोलीचं काम चाललंय, आणि माझं डोकं फिरलं. मी तडक गेले. पुतण्याला किल्ली मिळावी म्हणून हौदात प्लास्टर कालवलंत, असं त्यांच्या तोंडावर म्हटलं. त्यांनी शांतपणे मला आत नेऊन छत दाखवलं. लाकडाचं छत! एक सुतार शिडीवर उभा होता आणि तोंडात खिळे धरून माझ्याकडे बघत होता. त्या घरात प्लास्टरची चिमूटसुद्धा नव्हती. अशी मी उघडी पडले. उतावळा नवरा म्हणतात तशातली गत.

जाता जाता मी त्यांना म्हटलं, बरं, तुम्ही नाही, पण हौदातली माती खराब आहे, हौद तरी उपसा. तर म्हणाले, "काल भट्टीची चूक होती, मग माझी झाली, आता मातीची. सामाईक हौद आहे तो. म्हणजे सगळ्या गल्लीलाच चोर ठरवतेस का?" आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर तेच झालं. भट्टीवाली स्वतःची चूक झाकायला सगळ्यांच्या मातीत घाण शोधते म्हणे. काकूने माझ्यासमोर दुकानाचं दार लावून घेतलं. काच आहे त्या दाराला. आतून ती दिसत होती आणि बाहेरून मी.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण ज्याने केली त्याने कधीतरी भट्टी राखली असणार.

तुला एक विचारते. तुझ्या भांड्यांना काही का होत नाही? तूही माती हौदातूनच नेतेस. मी भाऊजींना घमेलं भरताना पाहिलंय.

धाकटी


१९ मार्च

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

काल भट्टी रचली. कदाचित माझ्या हातची शेवटची. भाऊजी तुझा माल घेऊन आले. आधी तू स्वतः आणायचीस, माझ्याकडे पाठ करून फळी ठेवायचीस आणि जायचीस. गेल्या वर्षभरात भाऊजीच येतात. मला वाटायचं, तुला माझं तोंड बघायचं नाही म्हणून. मला सगळं माझ्याशीच जोडायची खोड आहे.

तुझे कप मी रचत होते. सगळे एकासारखे एक. काकू गिऱ्हाइकांना दाखवते ना, "बघा, हिचा हात वयानेही हलत नाही!" मी एक उचलला, मग दुसरा, आणि तिसरा. ताई, हात हलतोच. बाबांचाही हलायचा. सकाळचा कप आणि दुपारचा कप सारखा होत नाही, हे तूच मला लहानपणी सांगायचीस, माझी वाकडी वाटी बघून मी रडायला लागले की. या कपांमध्ये सकाळ-दुपार काही नव्हतं. मी एक कप उजेडात फिरवला. कडेपासून बुडापर्यंत एक रेघ, ओल्या स्पंजाने पुसून मिटवलेली, पण बोट फिरवलं की लागत होती. साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथली.

मग मी तो उलटा केला. बुडाला अंगठा होता. रुंद, नखापाशी चपटा. भाऊजींचा.

मी तिथेच भट्टीच्या तोंडाशी विटेवर बसले. आणि एकेक गोष्ट डोळ्यासमोर यायला लागली, मी इतके दिवस बघून न बघितलेली. नळावर तू बादली मुठीत धरत नाहीस, कोपरात अडकवतेस. दाराची कडी तू तळहाताने ढकलतेस. थंडी नसतानाही हात शालीखाली असतात. मी खिडकीतून हे सगळं रोज बघायचे आणि मनात म्हणायचे, काय तोरा आहे! नाकाने कांदे सोलणारी बाई.

तुझे हात गेलेत, ताई. कधीपासून?

मला रडू आलं आणि राग आला, आणि दोन्ही एवढं एकदम आलं की कुठलं कशासाठी ते मला अजून नीट सांगता येत नाही. रडू तुझ्या हातांसाठी असावं. त्या हातांनी चाकावर मातीचा गोळा ठेवला की माती आपणहून वर यायची, आणि मी तोंड उघडं टाकून बघत बसायचे. राग कशाचा ते मात्र स्वच्छ सांगते. साच्यात ओतायची माती तुम्ही गाळून घेता, म्हणून तुमचे कप शाबूत. पण साच्याच्या झिजलेल्या कडांचे कण लागलेली कातरण तुम्ही हौदात टाकता! चोरून साचा वापरलात तर वापरलात, निदान ती कातरण तरी लांब कुठे नेऊन टाकायची होती. पण नाही. माती फेकायची नाही, हे आपल्या हाडात एवढं मुरलंय की पाप करतानाही तुम्ही गल्लीचा नियम पाळलात. ती फेकली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. माझ्यावर बालंटही आलं नसतं.

आणि बालंट आल्यावर तू काय केलंस? माझं पत्र दारात उभं राहून वाचलंस आणि उत्तर नाही म्हणून निरोप पाठवलास. तुला पहिल्या टवक्यापासून माहीत होतं. त्या काकूच्या शिव्या तुझ्या खिडकीत ऐकू येतात.

तुझी फळी बंद होईल याची तुला भीती आहे हे मला कळतं. हात गेले हे गल्लीला कळेल याची त्याहून जास्त असेल. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून मी किती चावून घेऊ?

रविवारी बैठक आहे. तू बोल. मी तुझं नाव घेणार नाही. याला माझा मोठेपणा समजू नकोस, मला तुझ्यासाठी काहीही मोठ्या मनाने करायचं नाहीये. चहाडी करून राखायची असती तर ही भट्टी बाबांनी दुसऱ्या कुणाला दिली असती. पण तू बोल, ताई. तुला जमेल तेवढंच बोल. माझ्या मातीत घाण होती, एवढं चार शब्दांचं वाक्य आहे.

तुझी बहीण, हे लिहायला मला आज जड जातंय


३० मार्च

ताई,

तू बोलली नाहीस.

तू पहिल्या रांगेत होतीस. मला वाटलं, बोलायचं म्हणूनच पुढे बसली असशील. मी मूर्खासारखी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. अध्यक्षांनी आपलं भाषण केलं, उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि मग मला विचारलं, "तुझं काही म्हणणं आहे?" मी म्हटलं, भट्टी मी कधी गरम उघडलेली नाही. हौदात प्लास्टर आहे. हौद उपसा, मग टवके थांबतात की नाही ते बघा. कुणीतरी मागून ओरडलं, "कुणी टाकलं ते सांग की मग!" मी म्हटलं, मला माहीत नाही.

खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे तुला ठाऊक आहे. लोकांनी लाल कान पाहिले आणि त्यांना जे समजायचं ते समजले.

मग अध्यक्ष तुझ्याकडे वळले. "तुम्ही यांच्या मोठ्या बहीण, आणि गल्लीतला पहिला हात. तुम्ही म्हणाल ते आम्हाला मान्य." ताई, देवाने संधी ताटात वाढून तुझ्यापुढे सरकवली होती. तू शाल नीट केलीस, कोपरांनी. आणि म्हणालीस, "सगळ्यांना योग्य वाटेल ते करा."

सगळ्यांना योग्य वाटलं.

किल्ली मी स्वतःच टेबलावर ठेवली. पुतण्याने ती उचलताना "माफ करा हं, मावशी," म्हटलं. त्या सबंध गोदामात तेवढाच एक माणूस माणसासारखा वागला, आणि त्याचाही मला राग आला. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

एवढं मात्र झालं की हौद उपसायचं ठरलं. माझ्या म्हणण्यावरून नाही, तर 'नव्याने सुरुवात करू' म्हणून. बाया-माणसांनी घमेली घेऊन सगळी माती बाहेर काढली, हौद घासून धुतला आणि खाणीतून नवीन माती आणून भरली. सगळे हसत-खेळत काम करत होते. एखाद्या घरातलं आजारपण संपावं तसे. मला कुणी घमेलं दिलं नाही. मी माझं घेऊन गेले आणि रांगेत उभी राहिले. शेजारची बाई माझ्याकडे न बघता माझ्या हातून घमेलं घेत होती आणि पुढे देत होती. भाऊजी रांगेच्या पलीकडच्या टोकाला होते. खाली मान घालून दोन माणसांचं काम करत होते. त्यांना मी काही बोलले नाही. तू सांगशील ते करणारा माणूस आहे तो. त्याच्यावर काय रागवायचं?

हे शेवटचं पत्र. पोस्टमन म्हणतो, आता तो माझ्याकडून तिकिटाला पैसे घ्यायला लाजतो. त्याला उगाच लाजवायचं कशाला?


२ मे

ताई,

शेवटचं म्हटलं होतं. पण काल जे झालं त्यानंतर न लिहिणं म्हणजे मीही तोंड लपवल्यासारखं होईल.

तू तिथे होतीस, मला वेगळं काय सांगायचं, असं वाटेल. पण तुला तुझी पाठ दिसत नव्हती. मला दिसत होती.

पुतण्याने भट्टी उघडली. मी माझ्या चार कललेल्या वाट्या घ्यायला बाजूला उभी होते. नव्या मातीचा हा दुसरा माल. पहिल्या मालाला एकही टवका गेला नव्हता, आणि काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होती, "हात बदलला आणि बघा! पोराच्या हाताला गुण आहे." लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. मी मनात म्हणाले, घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे तर भट्टीच्या विटासुद्धा फिरल्या.

तेव्हा भाऊजी हातगाडी ढकलत आले. गाडीवर पोतं झाकलेलं. आणि तू गाडीच्या पुढे चालत होतीस, ताठ. लहानपणी बाबांचा माल घेऊन बाजाराला जायचीस तशी. तू काहीच प्रस्तावना केली नाहीस. म्हणालीस, "गुण पोराच्या हाताला नाही. हौद साफ झाला म्हणून टवके थांबले. आणि हौदातली घाण माझी होती." भाऊजींनी पोतं ओढलं. पांढरे साचे. मग तू शाल काढलीस आणि हात पुढे केलेस. बोटं आतल्या आत वळलेली, सांधे सुजलेले. मी ते एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिले आणि माझ्या हातातली वाटी सुटली.

तू म्हणालीस, "माझ्या बहिणीला माहीत होतं. तिने नाव घेतलं नाही. मी तिला बुडू दिलं." एवढं बोलून तू भाऊजींना खूण केलीस आणि त्यांनी गाडी तिरकी केली. साचे फरशीवर फुटले तेव्हा सगळे दोन पावलं मागे सरकले. मी नाही सरकले. माझ्या पावलांवर पांढरी धूळ उडाली.

खरं सांगते, ते करायला छाती लागते. मला तेवढी असती की नाही, माहीत नाही. गल्लीतला पहिला हात म्हणून जिची ओळख, तिने तेच हात चारचौघांत असे उघडे करायचे! माझ्या तोंडून तुझं कौतुक निघत नाही म्हणून लिहून देते, म्हणजे परत घेता येणार नाही.

पण त्यापुढचंही लिहिते. कारण तू घरी गेलीस आणि पुढचं मी एकटीने पाहिलं.

आधी काकू रडली. मग सगळ्याच बाया रडल्या. "बिचारी! केवढं दुखत असेल! आणि कबूल करायला केवढं मोठं मन!" अध्यक्ष म्हणाले, नियम आपल्या जागी, पण अशा बाईची फळी बंद करणं माणुसकीला धरून नाही. तुझ्या वाटचं काम आळीपाळीने करून द्यायला घरं पुढे झाली. संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात कुणी ना कुणी काहीतरी झाकून घेऊन येत होतं. मी खिडकीतून बघत होते. चांगली माणसं आहेत, ताई. मनापासून सांगते. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

मी अध्यक्षांना विचारलं, मग किल्लीचं? ते जरा कानकोंडे झाले. "बघू की पुढच्या बैठकीत. पोराचा आत्ता कुठे हात बसतोय. त्याला लगेच उठवणं बरं दिसत नाही." आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. बरं दिसत नाही, खरंच. माझ्यापुढे येऊन कुणी 'चुकलं आमचं' म्हणालं नाही. काकूने रात्री दुकान बंद करताना माझ्याकडे बघून हात हलवला. बहुतेक तेच ते असावं. तू चूक केलीस आणि तुला गल्ली मिळाली. मी चूक केली नव्हती, त्यामुळे मला माफ करायची कुणाला सोयच नव्हती.

भट्टी गेली. पुढच्या बैठकीतही ती येणार नाही, तुलाही ते माहीत आहे आणि मलाही.

भाऊजी मगाशी येऊन गेले. दारातच उभे राहिले. तुझा निरोप सांगितला, शब्दन् शब्द पाठ करून आल्यासारखा. "तिला सांगा, बाबांनी हात बघून मला चाक दिलं होतं. हात गेल्याचं मला कुणालाच कळू द्यायचं नव्हतं, आणि तिला तर नाहीच नाही." मी म्हटलं, का, मला का नाही? भाऊजी म्हणाले, "ते विचारायचं मला सुचलं नाही." मग आपणहून म्हणाले, "तिला रात्र रात्र झोप नसते. दवाखान्यात चल म्हटलं तर डॉक्टर काय नवे हात देणार आहे का, म्हणते."




४ मे

ताई,

मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही तेही ठाऊक नाही. घाई करू नकोस, भाऊजींकडून निरोप पाठवू नकोस, आणि दारात येऊन रडू तर अजिबात नकोस. मी दार उघडणार नाही.

चौकशी करून आले. सांध्यांचा चांगला डॉक्टर तालुक्याला बसतो, फक्त सकाळचा. नवे हात देत नाही, मी विचारलं. पण दुखणं कमी करतो, आणि झोप लागेल असं करतो. औषधाबरोबर बोटांचे व्यायाम असतात, ते दुसऱ्या कुणीतरी धरून करून घ्यावे लागतात, रोज सकाळी, न चुकता. भाऊजींना ते जमणार नाही. त्यांना तुझ्या कळवळ्याने हात सोडून द्यावासा वाटेल. मला नाही वाटणार.

तर मंगळवारी पहिल्या बसला तयार राहा. वाटेत मी बोलणार नाही, तूही बोलू नकोस. आणि तुझ्यासाठी रोजची सकाळ कुठून काढणार, असला प्रश्न मला विचारू नकोस. इतकी वर्षं माझी प्रत्येक सकाळ भट्टीची होती. ती तू मोकळी करून दिलीस. आता तूच भर.

धाकटी